खांदा नेमका कशाला टांगलाय? पाठीच्या आणि खांद्याच्या स्नायूंबद्दल

पाठराखण

गेल्या रविवारी माहेरी गेले होते. सकाळी आई मागच्या पडवीत वलणीवर साडी वाळत घालत होती. वलणी उंच, म्हणून हातात काठी. उजव्या हाताने तिने साडी काठीच्या टोकावर घेतली, हात वर नेला, आणि मी चहाचा कप धरून तिच्या पाठीकडे बघत राहिले. ब्लाउजच्या आत उजवा खवाटा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, फिरत होता. आधी हात एकटाच निघाला, खवाटा जागेवर. हात खांद्याच्या उंचीला येऊ लागला तसं खवाट्याचं खालचं टोक मणक्यापासून सुटून बगलेकडे सरकायला लागलं. साडी वलणीवर पडली तेव्हा ते टोक पार कुशीला आलं होतं.

दुसरी साडी तिने डाव्या हाताने घेतली. या वेळी खवाटा हाताच्या आधीच निघाला. खांदा कानाला टेकला, हात मात्र अर्ध्यातच थांबला, आणि आईने काठी मुकाट्याने उजव्या हातात घेतली. गेले तीन महिने ती "डावा खांदा जरा धरलाय" म्हणत होती. मी फोनवर "तेल लावून शेक" म्हणत होते.

फिजिओथेरपीच्या मुलांना मी 22 वर्षं शरीररचना शिकवते आहे. या वर्षांत खांदा दुखतोय म्हणून आलेल्या कोणीही मला पाठ दाखवलेली नाही. सगळे दंडाच्या वरच्या गोल भागावर हात ठेवतात. पण खांदा कसा बनलाय हे समजायचं असेल तर माणसाच्या मागे उभं राहावं लागतं. म्हणून हा धागा.

मुळात हात धडाला जोडलाय कसा? पाय कमरेच्या हाडांच्या पक्क्या कड्यात बसवलेला आहे. हाताचं तसं नाही. हाताची हाडं धडाच्या सांगाड्याला एकाच ठिकाणी भेटतात: गळ्याखाली, जिथे कॉलर बोनचं आतलं टोक छातीच्या हाडाला लागतं तिथे. बोट लावून बघा, खांदा उचलला की ते टोक हलतं. खवाटा म्हणजे स्कॅप्युला पाठीवर साधारण दुसऱ्या ते सातव्या बरगडीसमोर असतो, पण बरगड्यांशी त्याचा हाडाचा सांधा नाही. मध्ये स्नायूंची गादी आहे आणि तिच्यावर तो घसरतो. त्याला 17 स्नायू चिकटलेले आहेत. पाळणा जसा दोऱ्यांवर टांगलेला असतो तसा खवाटा स्नायूंवर टांगलेला आहे.

पाठीची कातडी आणि चरबी बाजूला केली की पहिल्या थरात दोनच मोठे स्नायू दिसतात. वरचा ट्रॅपेझियस. धनगर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतो ना, ती मागून कशी दिसते ते आठवा. डोक्याच्या मागच्या उंचवट्यापासून सुरू होऊन मानेवरून दोन्ही खांद्यांकडे पसरते आणि खाली पाठीच्या मधोमध निमुळती होते. दोन्ही बाजूंचे ट्रॅपेझियस मिळून हुबेहूब तोच आकार. खालचं टोक बाराव्या छातीच्या मणक्यापर्यंत जातं, म्हणजे जवळजवळ कंबरेच्या वर. लोक ज्याला "मानेचा स्नायू" म्हणून चोळतात तो याचा वरचा तुकडा फक्त.

खालचा लॅटिसिमस डॉर्साय. खालचे सहा छातीचे मणके, कंबरेचं जाड पांढरं आवरण, कटीच्या हाडाची कड, शेवटच्या तीन-चार बरगड्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यातून निघतो, बगलेकडे जाताना गोळा होतो, पीळ घेतो, आणि दंडाच्या हाडाला पुढच्या बाजूने एका खोबणीत लागतो. बगलेची मागची जाड कड चिमटीत धरा आणि खोका. चिमटीत जे टणक होतं तो हा.

ट्रॅपेझियस उलटून टाकला की दुसरा थर दिसतो. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून खवाट्याच्या वरच्या कोपऱ्याला येणारा लेव्हेटर स्कॅप्युली, आणि मणक्यांपासून खवाट्याच्या आतल्या कडेला तिरपे येणारे दोन ऱ्हॉम्बॉइड. हे तिघे खवाट्याला वर आणि मणक्याकडे ओढतात.

आणि एक स्नायू पाठीवरून दिसतच नाही. सेराटस अँटेरियर. वरच्या आठ-नऊ बरगड्यांच्या बाजूने करवतीच्या दात्यांसारखा निघतो, खवाटा आणि बरगड्या यांच्या मधल्या फटीतून मागे जातो आणि खवाट्याच्या आतल्या कडेला आतून चिकटतो. खवाटा पाठीला चपखल बसून राहतो तो याच्यामुळे. माझ्या मते खांद्याचा सगळ्यात उपेक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा स्नायू हाच.

आता आईच्या उजव्या हाताकडे परत या. हात वर जाताना खवाटा फिरवायचा असतो. ट्रॅपेझियसचा वरचा भाग खांद्याचं टोक वर ओढतो. त्याचाच खालचा भाग खवाट्याची आतली बाजू खाली ओढतो. सेराटस खालचं टोक पुढे, कुशीकडे ओढतो. तिघांची तोंडं तीन दिशांना, पण जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींचे हात जसे उलट दिशांना जाऊनही जातं एकाच बाजूला फिरवतात, तसा खवाटा फिरतो. हात पूर्ण वर म्हणजे 180 अंश, त्यातले साधारण 120 दंडाच्या गोल सांध्यात आणि 60 खवाट्याच्या फिरण्यात. 2 ला 1 हे प्रमाण 1944 मध्ये इनमन, सॉन्डर्स आणि अ‍ॅबट यांनी मांडलं. वर जाताना प्रत्येक टप्प्यावर ते तंतोतंत तसंच राहतं असं नाही, सुरुवातीला खवाटा जवळजवळ थांबलेलाच असतो. पण एकूण हिशेब एवढा.

घरातल्या कोणाला तरी उघड्या पाठीने उभं करा. खवाट्याच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवा, दोन्ही बाजूंना, आणि हात सावकाश वर न्यायला सांगा. दोन्ही अंगठे एकाच वेळी निघतात का बघा.

---

रानवाटा

खवाटा हा शब्द किती वर्षांनी वाचला! आमच्याकडे फरा असंही म्हणतात. आत्ता नवऱ्याच्या पाठीवर अंगठे ठेवून बघितलं. त्याचा उजवा आधी निघतो. काही काळजी करण्यासारखं आहे का? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

पाठराखण

रानवाटा, फरा बरोबरच आहे. थोडा फरक बहुतेकांत असतो, ज्या हाताने जास्त काम त्या बाजूचा खवाटा किंचित खालीही असतो. दुखत नसेल, हात पूर्ण वर जात असेल, तर काही नाही.

---

पहिलं_वर्ष

मॅडम, मी फिजिओला आहे, परवा पाठीचं डिसेक्शन सुरू झालं. दोन गोष्टी अडल्यात. लॅटिसिमस एवढा खाली कंबरेपर्यंत आहे तर त्याची नस मानेतून का येते? आणि सुप्रास्पायनॅटस (खवाट्याच्या वरच्या भागातला छोटा स्नायू) पहिले 15 अंश हात उचलतो, मग डेल्टॉइड (खांद्यावरचा गोल स्नायू) घेतो, असं पाठ केलंय. पण सिनियर म्हणतात की ते चूक आहे. परीक्षेत काय लिहू?

---

पाठराखण

पहिला प्रश्न फार आवडला.

बाईचं माहेर ओळखायचं तर नाव-गाव विचारावं. स्नायूचं माहेर ओळखायचं तर नस बघावी. गर्भात हाताचा कोंब मानेच्या खालच्या भागासमोर फुटतो. खवाटासुद्धा आधी मानेजवळच असतो, आणि मग खाली उतरून पाठीवर येतो. (काही बाळांमध्ये तो पुरता उतरत नाही. एक खवाटा जन्मापासून वर राहतो, त्याला स्प्रेंगेलची विकृती म्हणतात.) हाताचे स्नायू हातासोबत वाढले, पसरले, धडावर येऊन स्थिरावले. लॅटिसिमस कंबरेपर्यंत गेला, पण नस माहेरचीच राहिली: मानेच्या सहाव्या, सातव्या, आठव्या मुळांची. सेराटसची पाचव्या, सहाव्या, सातव्याची. ऱ्हॉम्बॉइडची मुख्यतः पाचव्याची. ट्रॅपेझियसचं माहेर तर आणखी निराळं, त्याला हालचालीसाठी मेंदूच्या बारा नसांपैकी अकरावी येते.

पाठीचे अस्सल घरचे स्नायू या सगळ्यांच्या खाली आहेत. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना उभे दोरखंड असतात, इरेक्टर स्पाइनी, आणि त्याच्याखाली मल्टिफिडस वगैरे लहान स्नायू. ते कधी कुठे गेलेच नाहीत. त्यांना त्या-त्या मणक्यापाशी फुटणाऱ्या नसेची मागची फांदी मिळते. म्हणून पाठ शिकताना मी मुलांना आधी विचारते, हा इथलाच की हाताबरोबर आलेला? एवढं कळलं की निम्मी पाठांतरं सुटतात.

याचा रोजच्या जगण्यातला उपयोगही सांगते. मानेच्या मणक्यातली गादी सरकली की अनेकांना मानेत काही होत नाही, दोन खवाट्यांच्या मध्ये ठणकतं. तिथे कितीही चोळलं तरी उतरत नाही, कारण मूळ वर आहे.

दुसरा प्रश्न. तुझे सिनियर बरोबर आहेत. स्नायूंमधली विजेची हालचाल मोजली तर दोघंही पहिल्या अंशापासून कामाला लागलेले दिसतात. सुप्रास्पायनॅटसची नस औषधाने बधिर केली तरी माणूस हात उचलायला सुरुवात करू शकतो, जोर कमी पडतो. सुप्रास्पायनॅटसचं मोठं काम वेगळं आहे. डेल्टॉइड हाताला वर खेचतो तेव्हा दंडाचा गोळा उथळ खोबणीतून वर घसरू पाहतो. त्याला खोबणीत दाबून धरायचं काम रोटेटर कफचे चौघे मिळून करतात: वरून सुप्रास्पायनॅटस, मागून इन्फ्रास्पायनॅटस आणि टेरिस मायनर, पुढून सबस्कॅप्युलॅरिस. परीक्षेत दोन्ही लिही: जुनं वाक्य आणि आज काय मानतात ते. तोंडी परीक्षेत विचारलं तर न घाबरता सांग.

आणि डिसेक्शन करताना ट्रॅपेझियस मणक्याच्या बाजूने सोडव, बाहेरून नको. सावकाश उलट. आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्यासारखी अकरावी नस रक्तवाहिनीसोबत उतरताना दिसेल. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मिनिटभर चिमटा खाली ठेवला होता. ज्यांनी देह दिला त्या व्यक्तीने ती आपल्यासाठी जपून ठेवली होती असं वाटलं मला. अजून वाटतं.

---

खुरपाळ

धागा वाचून राहवलं नाही. मी जनावरांचा डॉक्टर, विदर्भात नोकरी.

तुम्ही म्हणालात माणसाचा हात एका ठिकाणी हाडाने जोडलाय. बैलाला तेवढंही नाही. त्याला कॉलर बोनच नसतं. पुढचे दोन्ही पाय धडाला निव्वळ स्नायूंनी जोडलेले, आणि धड दोन फऱ्यांच्या मध्ये झोळीसारखं लटकतं. ती झोळी म्हणजे तुमचा सेराटसच. आमच्याकडे त्याला सेराटस व्हेंट्रॅलिस म्हणतात. चारशे-पाचशे किलोच्या बैलाचा पुढचा भार त्याच्यावर.

दुसरी गंमत वशिंडाची. आपल्या देशी बैलाचं वशिंड निव्वळ चरबीचं असं बहुतेक शेतकऱ्यांना वाटतं. कापून बघितलं तर आत मुख्यतः ऱ्हॉम्बॉइड स्नायू असतो, त्यात चरबी मिसळलेली. माणसात तो बोटभर जाडीचा पट्टा, खिलारीत तोच खांद्यावरचा डोंगर! जू त्याच्या पुढे, मानेवर बसतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी इकडे खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याला, जिथं जू घासतं तिथं, तूप-हळद लावून शेकतात आणि कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लहानपणी बाबांसोबत करायचो. शेकताना कातडीखालचा स्नायू आधी थरथरतो आणि मग सैल पडतो, ते हाताला समजतं. डॉक्टरकी शिकायच्या आधी स्नायू म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

---

पाठराखण

खुरपाळ, हे वर्गात सांगणार आहे. वशिंडात ऱ्हॉम्बॉइड असतो हे वाचून माहीत होतं, पण खांदशेकणीशी त्याची सांगड कधी घातली नव्हती.

---

शाडूमाती

मी पेणला मूर्तिकाम करतो. अडचण अशी आहे की यंदा एका मंडळाला चारही बाजूंनी बघता येईल अशी मूर्ती हवी आहे, पाठीवर शेला नको म्हणतात. आम्ही पाठ नेहमी गुळगुळीत काढून शेल्याखाली झाकतो. चार हात, मग खवाटे किती काढायचे? दोन काढले तर वरचे हात चिकटवल्यासारखे दिसतात, चार काढले तर पाठ भरून जाते.

---

पाठराखण

या प्रश्नाने काल झोप लागू दिली नाही.

मी दोनच खवाटे काढेन, आणि ते वरच्या, पाश-अंकुश धरलेल्या हातांना देईन. कारण उचललेल्या हाताला खवाट्याशिवाय गती नाही, तो दिसला नाही की हात चिकटवलेला वाटतो. वरच्या हातांचा दंड जवळपास आडवा असेल तर तो 90 अंशांवर आहे, म्हणजे त्यातले साधारण 30 खवाट्याचे. खवाट्याची आतली कड उभी काढू नका. खालचं टोक बाहेर बगलेकडे ढकला, वरचा कोपरा मणक्याकडे राहू दे. दोन्ही कडा मिळून खाली फाकलेल्या दिसतील.

अभय देणारा आणि मोदक धरलेला हात कोपरातून वर असला तरी दंड अंगालगतच असतो. तिथे खवाटा जवळजवळ हलत नाही. त्या हातांना पाठीतून निघाल्यासारखं न दाखवता लॅटिसिमसच्या कडेच्या पुढून, बगलेखालून काढा. मागून बघणाऱ्याला ती जाड कड वरच्या हाताकडे जाताना दिसली की खालचा हात तिच्या आडून आल्यासारखा वाटेल. शरीरशास्त्रात याला आधार नाही, चार हातांना कुठून असणार, पण डोळ्याला पटेल असं मला वाटतं.

एक युक्ती. लिओनार्दोने 1510-11 च्या सुमारास खांद्याची चित्रं काढली, ती इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. स्नायूची ओढ कुठून कुठे आहे ते कळावं म्हणून त्याने काही ठिकाणी अख्ख्या स्नायूऐवजी नुसत्या दोऱ्या काढल्या. तुम्ही माती चढवण्याआधी सांगाड्यावर सुतळी लावून बघा. एक मानेपासून खांद्याच्या टोकाला, एक पाठीच्या मधोमधपासून खवाट्याच्या आतल्या बाजूला, एक कंबरेपासून बगलेतून दंडाला. मग माती त्या सुतळ्यांवरून चढवा.

---

शाडूमाती

कंबरेपासून बगलेत जाणारी सुतळी! तीच चुकत होती. आम्ही बगल मागून सपाट बंद करतो. आज लहान नमुना करून बघतो.

---

मोगरा

लिहू की नको असा विचार करत होते. माझ्या सासूबाईंचं सहा महिन्यांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, बगलेतल्या गाठीही काढल्या. त्या बऱ्या आहेत. पण उजवा हात पुढून वर जात नाही, आणि अंघोळीनंतर पाठ पुसताना माझ्या लक्षात आलं की उजवा खवाटा पंखासारखा बाहेर आलाय. तपासणीला गेलो तेव्हा "हात वापरत नाहीत म्हणून अशक्त झाला, व्यायाम करा" एवढंच सांगितलं. कोणता व्यायाम ते नाही सांगितलं. त्या आता हात वर करायचं टाळतात. तुमचं सेराटसबद्दलचं वाचून पोटात गोळा आला.

---

पाठराखण

मोगरा, बरं झालं लिहिलंत.

मी इथून निदान करू शकत नाही, पण तुमच्या नजरेने जे पकडलंय ते महत्त्वाचं आहे. बहुतेक स्नायूंची नस आतल्या बाजूने शिरते, सुरक्षित असते. सेराटसची नस, लाँग थोरॅसिक, त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून, बगलेच्या आतल्या भिंतीवरून खाली उतरते. त्याच जागेतल्या गाठी काढताना सर्जन तिला जपतात, तरी ती कधी ताणली जाते, कधी दुखावते. मग सेराटस ढिला पडतो, खवाट्याला बरगड्यांशी धरून ठेवणारं कोणी उरत नाही आणि आतली कड पंखासारखी उघडते. हात पुढून वर नेताना अडतं, कारण खालचं टोक पुढे ओढणारा गेलेला असतो.

एक साधी गोष्ट करा. त्यांना भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं करून दोन्ही तळवे छातीच्या उंचीला भिंतीवर टेकवायला सांगा, आणि भिंत ढकलायला सांगा. मागून बघा. उजवा खवाटा जास्त उघडला तर फोनवर मागूनच एक फोटो काढा, चेहरा नको, आणि तो फोटो घेऊन पुन्हा जा. "लाँग थोरॅसिक नस तपासाल का, नसेची तपासणी लागेल का, आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवाल का" हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. नस नुसती ताणलेली असेल तर ती बरेचदा सावरते, पण महिन्यांच्या हिशेबाने, काहींना वर्षाहून जास्त लागतं. तोवर खांदा आखडू न देणं हे काम. ओझं त्या हाताने नको, आणि जबरदस्तीने हात वर खेचू नका.

अशीच एक दुसरी जागा मानेच्या बाजूला आहे. तिथल्या गाठीचा तुकडा तपासायला काढताना, क्षयाच्या गाठींसाठी आपल्याकडे हे बरेचदा होतं, ट्रॅपेझियसची अकरावी नस दुखावू शकते. तिथेही खांदा खाली उतरतो आणि हात आडव्याच्या वर जायला त्रास होतो. कोणाला अशा छोट्या ऑपरेशननंतर खांदा पडल्यासारखा वाटत असेल तर "अशक्तपणा" म्हणून सोडून देऊ नका.

---

जोर_बैठक

मल्लखांब शिकवतो, मुलं आठ ते सोळा वयाची. बगली पकडीत (खांब बगलेत आवळून धरायची पकड) कोणते स्नायू लागतात ते तुमच्या लेखामुळे समजलं. लॅटिसिमसच ना? आणि आम्ही मुलांना सतत ओरडतो, "खांदे खाली, खांदे मागे!" ते बरोबर आहे का?

---

पाठराखण

बगलीत मागून लॅटिसिमस आणि त्याचा धाकटा सोबती टेरिस मेजर, पुढून छातीचा पेक्टोरॅलिस मेजर. तिघे दंडाच्या हाडावर अगदी शेजारी-शेजारी लागतात. इंग्रजीत विद्यार्थी "लेडी बिट्वीन टू मेजर्स" म्हणून लक्षात ठेवतात, दोन मेजरांच्या मध्ये लॅटिसिमस. हात स्थिर असला तर हाच लॅटिसिमस धड वर खेचतो, म्हणून खांबावर चढणाऱ्या मुलांच्या पाठीला तो काखेखालून उठून दिसतो.

"खांदे खाली, मागे" हे हात खाली असताना ठीक. पण हात डोक्यावर असताना हे सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती. हात वर असताना खवाट्याने फिरून वर जायचंच असतं. तेव्हा त्याला जबरदस्तीने खाली-मागे बांधलं तर गोल सांध्यावर ताण येतो. लोंबकळताना खांदे कानात पूर्ण रुतू द्यायचे नाहीत, थोडी ताकद ठेवायची, एवढं पुरे. मला तर वाटतं, आपण शाळेपासून मुलांना "खवाटे एकमेकांना चिकटव" शिकवून ऱ्हॉम्बॉइड घडवतो आणि सेराटसला विसरतो. जोर मारताना वर आल्यावर हात सरळ झाले की थांबू नका, आणखी दोन बोटं जमीन ढकलायला सांगा, पाठ किंचित गोल होईल. त्या शेवटच्या दोन बोटांत सेराटस सगळ्यात जास्त काम करतो.

---

जोर_बैठक

आजपासून "आणखी दोन बोटं" सुरू.

---

पश्चिमवारा

मी टोरांटोहून वाचतेय. दिवसभर लॅपटॉप. मान आणि खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यात सुपारीएवढी गाठ लागते, दाबली की बरं वाटतं, तासाभराने पुन्हा तेच. हा लेव्हेटर का?

---

पाठराखण

जागा तीच सांगताय. मान पुढे काढून बसलं की लेव्हेटर दिवसभर ताणलेल्या अवस्थेत डोकं धरून ठेवतो. गाठ दाबण्यापेक्षा अर्ध्या-पाऊण तासाने उठणं जास्त उपयोगी. कोपर टेकायला जागा असू दे, हाताचं वजन टेबलाने घेतलं की लेव्हेटर आणि ट्रॅपेझियसवरून ते उतरतं. हाताला मुंग्या, बोटांत बधिरपणा, पकड कमी होणं असं काही असेल तर मान तपासून घ्या.

आणि हे सगळ्यांसाठी: खवाट्यांच्या मध्ये किंवा डाव्या खांद्यात अचानक दुखणं, सोबत घाम, दम, छातीवर दडपण असेल तर धागे वाचत बसू नका, सरळ इस्पितळात जा. हृदयाचं दुखणं तिथे उमटतं. पित्ताशयाचं उजव्या खवाट्याकडे उमटतं.

---

जुनी_पोथी

वैद्य आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 500 पेशी (म्हणजे स्नायू) सांगितल्या आहेत आणि पाठीवर 14 मर्मं. त्यातली अंसफलक (खवाट्यावरचं) आणि अंस (खांद्यावरचं) ही इथलीच. अंसफलकाला इजा झाली तर हात बधिर होतो आणि सुकतो, अंसाला झाली तर हात ताठ होतो, असं वर्णन आहे. मृत शरीर सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून, मग कुंच्याने थर-थर घासून बघण्याची रीतही तिथेच.

---

पाठराखण

थर-थर घासून! म्हणजे पहिला थर, दुसरा थर, हे तेव्हाही तसंच दिसलं असणार. धन्यवाद.

---

रानवाटा

सगळ्यांच्या प्रश्नांची उत्तरं दिलीत, पण तुमच्या आईच्या डाव्या खांद्याचं काय झालं?

---

पाठराखण

सांगायचं राहिलंच.

त्या सकाळी मी आईला खुर्चीत बसवलं. डावं कोपर अंगाला चिकटवून नव्वद अंशांत वाकवलं आणि पुढचा हात बाहेरच्या बाजूला, दार उघडल्यासारखा, मी स्वतः वळवला. उजवा सहज वळला. डावा दोन-चार अंश वळून लाकडासारखा थांबला. तिचा जोर कमी होता म्हणून नव्हे, मी वळवूनही वळेना. मग विचारलं, तर वेणी घालताना त्रास होतो, ब्लाउजचं मागचं हुक लावता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

स्नायू शाबूत होते. गोल सांध्याभोवतीचं आवरण आखडलं होतं. 1934 मध्ये कॉडमनने याला फ्रोझन शोल्डर नाव दिलं. सांधा वळत नाही म्हणून तिचा खवाटा हाताच्या आधी निघत होता, स्वतःच्या 60 अंशांत सांध्याचे 120 भरून काढायला बघत होता. ट्रॅपेझियस दगडासारखा झाला होता तो त्या कामाने. आणि मी तीन महिने फोनवरून त्यालाच तेल लावायला सांगत होते. पहिल्याच आठवड्यात तिच्या मागे उभी राहिले असते तर ओळखलं असतं, याचं फार वाईट वाटतंय.

मधुमेह्यांना हे जास्त होतं, म्हणून साखर तपासली. वाढलेली निघाली. कधी तपासलीच नव्हती. आता औषध सुरू आहे. खांद्यासाठी गरम शेक, टेबलावर हात ठेवून पुढे सरकवणं, काठी दोन्ही हातांत धरून उजव्याने डाव्याला बाहेर ढकलणं, दिवसातून तीनदा, दुखणं सहन होईल इतपतच. याला महिने लागतात, हे तिला स्पष्ट सांगितलंय.

काठी वलणीचीच घेतली आहे. वलणी सध्या खाली, तिच्या खांद्याच्या उंचीला बांधून आले.

---

मोगरा

आज भिंतीवर हात ठेवून बघितलं. उजवा खवाटा उघडतो. फोटो काढला, तीन प्रश्न कागदावर लिहिले. गुरुवारी जातोय.

---

पाठराखण

गुरुवारी काय म्हणाले ते कळवा. रात्री कितीही उशीर झाला तरी मी बघेन.